पत-वहीची किल्ली कोणाच्या हातीं?



'तोतया' हा शब्द उच्चारला कीं मराठी माणसाला भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण होते. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत संशय राहिला, आणि त्या संशयाच्या आश्रयानें एक मनुष्य भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. त्याची चौकशी झाली, त्यानें कैद भोगली, कैदेंतून सुटल्यावर कोंकणांत बंड उभारलें आणि अखेर १७७६ सालीं त्याला देहान्ताची शिक्षा झाली. या प्रकरणांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्या तोतयाला स्वतःचा चेहरा घेऊन लोकांपुढें यावें लागलें. ज्यांनीं खऱ्या भाऊसाहेबांना पाहिलें होतें, त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागली. दुसऱ्याचें नांव धारण करणें त्या काळीं इतकें अवघड होतें.

आज तें तसें राहिलेलें नाहीं. आजच्या तोतयाला चेहरा लागत नाहीं, आवाज लागत नाहीं, धैर्यही फारसें लागत नाहीं. एखाद्याचें पूर्ण नांव, जन्मतारीख, पत्ता आणि एक सरकारी क्रमांक, एवढ्या चार गोष्टी हातीं आल्या कीं तो त्या माणसाच्या नांवानें कर्ज काढतो, पैसे उचलतो आणि नाहींसा होतो. ज्याचें नांव गेलें, त्याला ही वार्ता कळते ती वसुलीचें पत्र दारांत आल्यावर. अमेरिकेंत या गुन्ह्याला 'आयडेंटिटी थेफ्ट', म्हणजे ओळखीची चोरी, असें म्हणतात. आणि त्यावर तिकडे जो सर्वांत परिणामकारक उपाय निघाला, तो आपला पत-अहवाल 'फ्रीझ' करणें, म्हणजे गोठवून ठेवणें, हा होय.

हा उपाय दिसावयास अगदीं साधा आहे. परंतु त्याच्यामागें पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत एकच प्रश्न पुन्हां पुन्हां उभा राहतो: माणसाची पत कशी आहे हें ज्या वहींत लिहिलें जातें, त्या वहीची किल्ली कोणाच्या हातीं असावी? या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा आज माझा विचार आहे.

पूर्वींच्या काळीं उधारी ओळखीवर चाले. गांवचा वाणी ज्याला उधार माल देई, त्याचें घर, त्याचा बाप, त्याच्या संवयी आणि त्याचें शेत हीं सर्व त्याला ठाऊक असत. निराळी वही पाहण्याचें कारणच नव्हतें. सारें गांव हीच वही होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेचा व्यापार कालवे आणि आगगाड्या यांच्याबरोबर पश्चिमेकडे पसरला, आणि ही व्यवस्था मोडली. शेंकडों मैलांवरचे दुकानदार न्यूयॉर्कला येत, घाऊक माल उधारीवर घेत आणि परत जात. त्यांचें घर कोणीं पाहिलेलें नसे. माल तर खपविला पाहिजे, आणि ज्याला द्यावयाचा तो तर अनोळखी, अशा पेंचांत न्यूयॉर्कचे व्यापारी सांपडले. १८३७ सालीं मोठें आर्थिक अरिष्ट आलें. दूरदूरची उधारी बुडाली, आणि पुष्कळ पेढ्यांना देणीं देणें थांबवावें लागलें. त्यांत आर्थर व ल्यूइस टॅपन या बंधूंची रेशमाची पेढी होती.

ल्यूइस टॅपन हा मनुष्य मोठा विलक्षण. तो कडवा धर्मनिष्ठ आणि गुलामगिरीचा हाडवैरी होता. 'आमिस्ताद' नांवाच्या जहाजावर बंड करून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या आफ्रिकन बंद्यांची बाजू न्यायालयांत लढविण्यासाठीं जी समिति झाली, तिचा तो एक प्रमुख चालक होता. ते बंदी १८४१ सालीं मुक्त झाले. त्याच १८४१ सालीं त्यानें न्यूयॉर्कमध्यें 'मर्कंटाइल एजन्सी' नांवाची कचेरी उघडली. देशभर, बहुतेक वकिलांपैकीं, त्यानें बातमीदार नेमले. आपापल्या भागांतील व्यापाऱ्यांविषयीं त्यांनीं कळवावें: त्याचें भांडवल किती, वय काय, तो दारू पितो कीं काय, बायकोच्या माहेरची स्थिति कशी, पूर्वीं दिवाळें काढलें होतें कीं नाहीं. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन हाही वकिली करीत असतां या संस्थेचा एक बातमीदार होता. आलेली माहिती कचेरींतील मोठमोठ्या वह्यांत उतरली जाई. वर्गणीदार व्यापारी तेथें येई, हव्या त्या दुकानदाराचें नांव सांगे, आणि कारकून ती नोंद त्याला वाचून दाखवी. नक्कल कोणालाही मिळत नसे. त्या वह्यांपैकीं अडीच हजारांहून अधिक आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहांत जपून ठेवलेल्या आहेत.

येथें एक गोष्ट पाहावी. वही व्यापाऱ्यासाठीं, वही राखणारा एजन्सीचा कारकून, आणि मजकूर पुरविणारा तिसराच कोणी. ज्याच्याविषयीं हें सारें लिहिलेलें, त्याला मात्र त्या वहींत आपलें पान आहे हेंही ठाऊक नसे. गुलामांच्या पायांतील बेड्या तोडण्यासाठीं झटणाऱ्या माणसानें उभारलेल्या या यंत्रांत, वहींतल्या माणसाला स्वतःविषयीं एक शब्दही बोलण्याची सोय नव्हती. टॅपनचा हेतु प्रामाणिक होता. सचोटीच्या माणसाला उधार मिळावें आणि लबाडाला मिळूं नये, एवढीच त्याची इच्छा. पण हेतु शुद्ध असला म्हणून यंत्राचे दोष नाहींसे होत नाहींत.

तो दोष लवकरच उघडकीस आला. ओहायो संस्थानांतील नॉरवॉक या गांवीं बियर्ड्स्ली नांवाच्या व्यापाऱ्यांचें दुकान होतें. १८४८ सालीं एजन्सीच्या वहींत अशी नोंद आली कीं, यांच्यापैकीं एकाची पत्नी घटस्फोटाचा दावा लावण्याच्या बेतांत आहे, आणि तसें झाल्यास दुकान अडचणींत येईल. ही बातमी न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांच्या कानीं गेली. बियर्ड्स्ली यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १८५१ सालीं ज्यूरीनें त्यांना दहा हजार डॉलरांची भरपाई दिली. पुढें हा वाद वरपर्यंत गेला, आणि १८७० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल रद्द केला. म्हणजे बावीस वर्षें भांडूनही हातीं कांहींच आलें नाहीं. एका बातमीदाराची एक ओळ, आणि एका घराची अब्रू! ती ओळ पुसण्यासाठीं कोठें अर्ज करावा, याची सोय कायद्यांत नव्हती. आपल्या भाषेंत 'पत' हा शब्द पैशापुरता नाहीं. पत गेली म्हणजे माणसाचा शब्द गेला, असें आपण समजतो. त्या अर्थानें पाहिलें तर हा खटला पैशाचा नव्हता, शब्दाचा होता.

प्रारंभीं ह्या वह्या व्यापाऱ्यांपुरत्या होत्या. पुढें सामान्य गिऱ्हाइकांची पाळी आली. १८९९ सालीं अटलांटा शहरांत केटर आणि गाय वुलफर्ड या दोघां बंधूंनीं 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली. कोणतें गिऱ्हाईक वेळेवर बिल देतें आणि कोणतें देत नाहीं, याची यादी करून ती दुकानदारांना विकणें हा तिचा धंदा. लौकरच विमा कंपन्यांसाठींही तिचे तपासनीस घरोघर हिंडूं लागले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून अमक्या गृहस्थाच्या संवयी कशा, घरांत शांतता आहे कीं भांडणें, हें ते टिपून नेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा संस्थांपाशीं कोट्यवधि अमेरिकनांचीं टिपणें जमा झालीं. त्यांतील माहिती बरोबर कीं चूक, हें पाहण्याचा हक्क त्या माणसांना नव्हता.

संगणक आला, आणि ह्या वह्या यंत्रांत जाणार असें दिसूं लागलें, तेव्हां अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत व वृत्तपत्रांत या प्रश्नाची चर्चा सुरू झाली. तिचें फळ म्हणजे १९७० च्या ऑक्टोबरांत मंजूर होऊन १९७१ च्या एप्रिलांत अमलांत आलेला 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट'. या कायद्यानें पहिल्यांदाच वहींतल्या माणसाला वहीजवळ येऊं दिलें. आपल्याविषयीं काय लिहिलें आहे याचा सारांश जाणण्याचा, चूक असल्यास फेरतपास मागण्याचा आणि सात वर्षांहून जुनी बहुतेक प्रतिकूल माहिती वगळून घेण्याचा हक्क त्याला मिळाला. अहवाल कोणत्या कारणासाठीं देतां येईल, तेंही कायद्यानें ठरविलें. त्याच दशकांत 'रिटेल क्रेडिट कंपनी'नें आपलें नांव बदलून 'इक्विफॅक्स' असें केलें. हें नांव ध्यानांत ठेवावें. पुढें तें पुन्हां यावयाचें आहे.

इतकें झालें तरी किल्ली संस्थेच्याच हातीं राहिली. आंत काय लिहिलें आहे हें माणूस पाहूं शकत होता. पण आंत कोणीं डोकवावें हें तो ठरवूं शकत नव्हता. आणि हीच उणीव पुढें चोराच्या पथ्यावर पडली. ती कशी, हें समजण्यासाठीं दुसरी एक हकीकत सांगितली पाहिजे. ती एका क्रमांकाची आहे.

१९३५ सालीं अमेरिकेंत वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, आणि १९३६ च्या नोव्हेंबरांत प्रत्येक कामगाराला नऊ आंकड्यांचा 'सोशल सिक्युरिटी' क्रमांक देण्यास प्रारंभ झाला. कोणाच्या पगारांतून किती रक्कम जमा झाली याचा हिशेब ठेवणें, एवढाच त्याचा उपयोग होता. दोनच वर्षांनीं, १९३८ सालीं, न्यूयॉर्क संस्थानांतील लॉकपोर्ट येथील एका कारखान्यानें पाकिटें तयार केलीं, आणि त्यांत हें नवें कार्ड कसें नीट बसतें हें दाखविण्यासाठीं एक नमुन्याचें कार्ड घातलें. नमुन्यावर क्रमांक हवा म्हणून कारखान्यांतील एका अधिकाऱ्यानें आपल्या चिटणीस बाईंचा खराखुरा क्रमांक छापला. कार्ड खऱ्याहून लहान होतें, लाल शाईंत होतें, आणि त्यावर 'नमुना' असा शब्दही होता. पाकिटें वूलवर्थच्या दुकानांतून देशभर विकलीं गेलीं, आणि हजारों लोकांनीं तोच क्रमांक आपला म्हणून सांगण्यास सुरुवात केली! १९४३ सालीं ५,७५५ माणसें तो क्रमांक वापरीत होतीं. वर्षानुवर्षांची बेरीज ४०,००० च्या वर गेली. सरकारनें तो क्रमांक रद्द करून बाईंना नवा दिला. तरी १९७७ सालींसुद्धां बारा माणसें त्याच जुन्या क्रमांकावर होतीं.

यांत लबाडी कोणाचीच नव्हती. सारा अज्ञानाचा प्रकार. पण त्यांतून एक सत्य बाहेर पडलें: क्रमांक माणसाला ओळखत नाहीं. जो कोणी तो सांगेल त्याचा तो होतो. सरकारलाही याची जाणीव होती. १९४६ पासून त्या कार्डावर 'ओळखीसाठीं नव्हे' अशा अर्थाचे शब्द छापले जात असत. परंतु सोय ही मोठी मोहक वस्तु आहे. १९६२ पासून आयकर खातें तोच क्रमांक वापरूं लागलें. बँका वापरूं लागल्या. पत-अहवालांच्या संस्थांनाही एकाच नांवाच्या हजार माणसांत भेद करण्यास तोच क्रमांक उपयोगी पडला. १९७२ सालीं ते सावधगिरीचे शब्द कार्डावरून काढून टाकण्यांत आले. जो आंकडा केवळ हिशेबाच्या वहीचें पान होता, तो पाहतां पाहतां घराची किल्ली होऊन बसला. आणि ही किल्ली माणूस जन्मभर नोकरींत, दवाखान्यांत, कॉलेजांत आणि बँकेंत सर्वांना वाचून दाखवीत हिंडतो.

आतां चोरी कशी होते तें पाहूं. अमेरिकेंत कर्ज किंवा क्रेडिट कार्ड देणारी संस्था अर्जदाराचा पत-अहवाल मागविते. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन मोठ्या संस्था तो क्षणार्धांत पुरवितात. अहवाल चांगला असला कीं कर्ज मंजूर. अर्ज करणारा मनुष्य तोच आहे कीं नाहीं, याची खातरजमा बव्हंशीं त्या क्रमांकावर आणि जन्मतारखेवर होते. म्हणजे ज्यानें आयुष्यभर वेळेवर पैसे फेडले, त्याचाच अहवाल चोराच्या अधिक कामाचा! जितकी पत चांगली, तितका धोका मोठा. सचोटीलाच येथें दंड बसतो. १९९८ सालीं अमेरिकेनें ओळखीची चोरी हा स्वतंत्र गुन्हा ठरविला; पण शिक्षेचा धाक चोर सांपडल्यावर. दार बंद कसें करावें, हा प्रश्न राहिलाच.

त्याचें उत्तर प्रथम संस्थानिक विधिमंडळांतून आलें. कॅलिफोर्नियानें २००१ सालीं कायदा करून तो २००३ च्या जानेवारीपासून लागू केला. त्या कायद्यानें नागरिकाला असा हक्क दिला कीं, 'माझा अहवाल नव्या सावकाराला दाखवूं नका', असें त्यानें कळविल्यावर पत-अहवालाच्या संस्थेनें तो बंद ठेवला पाहिजे. स्वतःला कर्ज हवें असेल तेव्हां त्यानें गुप्त आंकडा सांगून तो तेवढ्यापुरता उघडावा. या युक्तीचें मर्म पाहा. चोराला पकडावयाचें नाहीं, त्याच्या हातची माहिती परत मिळवावयाची नाहीं. त्याच्यापाशीं नांव आहे, तारीख आहे, क्रमांक आहे. सारें असूं द्या. पण सावकार अहवाल पाहिल्यावांचून कर्ज देत नाहीं, आणि अहवाल तर बंद. चोरानें आणलेली किल्ली खरी; पण दाराला आंतून अडसर घातलेला आहे.

पत-अहवालाच्या संस्थांना ही कल्पना रुचली नाहीं. अमेरिकेंत दुकानाच्या गल्ल्याशीं उभ्या उभ्या कार्ड मिळतें, मोटारीचें कर्ज त्याच दिवशीं होतें. अहवाल बंद असले तर हा वेग मंदावणार. शिवाय अहवाल विकणें हाच तर त्यांचा व्यवसाय. त्यामुळें अनेक ठिकाणीं गोठविण्याला आणि पुन्हां उघडण्याला शुल्क ठेवलें गेलें, आणि तेंही तिन्ही संस्थांना निरनिराळें. स्वतःच्याच दाराला कडी लावण्यासाठीं तिऱ्हाइताला पैसे द्यावयाचे, असा हा प्रकार होता.

मग दोन मोठे घाव बसले. पहिला २००५ सालीं. 'चॉइसपॉइंट' ही माहिती विकणारी कंपनी १९९७ सालीं इक्विफॅक्समधूनच वेगळी निघालेली होती. चोरांनीं तिच्या यंत्रांत शिरण्याची तसदी घेतली नाहीं. लहान व्यापारी असल्याची बतावणी करून ते तिचे रीतसर गिऱ्हाईक झाले, आणि १,६३,००० लोकांची माहिती पैसे देऊन घेऊन गेले. टॅपनच्या कचेरींत वर्गणीदारापुढें वही उघडत असे. येथें तोतयाच वर्गणीदार होऊन आला! २००६ सालीं त्या कंपनीला एक कोटि डॉलर दंड आणि पन्नास लाख डॉलर नुकसानभरपाई द्यावी लागली. या प्रकारानंतर एकामागून एक संस्थानांनीं गोठविण्याचे कायदे केले, आणि २००७ च्या अखेरीस तिन्ही संस्थांनीं देशभर ही सोय देऊं केली. शुल्क मात्र राहिलें.

दुसरा घाव २०१७ सालचा, आणि तो खुद्द इक्विफॅक्सवर. त्या कंपनीच्या एका संगणक-प्रणालींत दोष असल्याचें मार्च महिन्यांतच जाहीर झालें होतें, आणि दुरुस्तीही उपलब्ध होती. ती वेळेवर झाली नाहीं. मे महिन्याच्या मध्यापासून परकी हात त्या भगदाडांतून आंत वावरत होते. जुलैच्या अखेरीस कंपनीला तें समजलें, आणि ७ सप्टेंबर रोजीं तिनें तें जाहीर केलें. सुमारें १४ कोटि ७० लाख लोकांचीं नांवें, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक बाहेर गेले होते. या लोकांपैकीं बहुतेकांनीं आपली माहिती त्या कंपनीला स्वहस्तें कधींच दिलेली नव्हती. २०१९ सालीं तिनें तडजोडीनें निदान ५७ कोटि ५० लाख डॉलर देण्याचें मान्य केलें. २०२० सालीं अमेरिकन सरकारनें चिनी लष्करांतील चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला.

लोकांचा संताप अनावर झाला, आणि त्यांनीं एकच प्रश्न विचारला: तुम्हीं माझी माहिती गमावली, आणि आतां माझें दार लावण्याचे पैसे मीच तुम्हांला द्यावयाचे काय? या प्रश्नाला उत्तर नव्हतें. २४ मे २०१८ रोजीं मध्यवर्ती कायद्यावर सही झाली, आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून सर्व अमेरिकेंत अहवाल गोठविणें आणि उघडणें विनामूल्य झालें. टेलिफोननें किंवा इंटरनेटवरून विनंति केल्यास कामाच्या एका दिवसांत तो गोठविला पाहिजे, आणि उघडण्याची विनंति आल्यास एका तासांत उघडला पाहिजे, असें बंधन आलें. सोळा वर्षांखालील मुलांच्या नांवानेंही आईबापांना ही कडी लावतां येते; आणि तें अगत्याचें आहे, कारण मुलाच्या नांवाची चोरी तें मोठें होईपर्यंत कोणाच्या लक्षांतच येत नाहीं. १८४१ ते २०१८, म्हणजे १७७ वर्षांनीं किल्ली वहींतल्या माणसाच्या हातीं आली.

आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें, सुना, जांवई आज अमेरिकेंत आहेत. त्यांच्यासाठीं कांहीं गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात. ही विनंति तिन्ही संस्थांकडे निरनिराळी करावी लागते; एका दाराला कडी घालून दोन उघडीं ठेवण्यांत अर्थ नाहीं. गोठविल्यानें पत घटत नाहीं, स्वतःचा अहवाल पाहण्यास अडचण येत नाहीं, आणि चालू असलेलें कर्ज किंवा कार्ड बंद पडत नाहीं. मात्र हें कुलूप नव्या कर्जापुरतें आहे. जुन्या खात्यांतून कोणीं पैसे काढले, किंवा तुमच्या नांवानें आयकराचा परतावा मागितला, तर तें येथें अडत नाहीं. म्हणून बँकेचें टिपण दरमहा वाचण्याचा कंटाळा करूं नये.

आणि आपल्या घरचें काय? ऋणाची वही कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज ओढून काढले आणि जाळले. कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे, हें त्यांना कधीं नीट कळूंच दिलें गेलें नव्हतें. नंतर १८७९ च्या कायद्यानें पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क त्यांना मिळाला. आजची आपली वही मुंबईंत आहे. 'सिबिल' ही संस्था २००० सालीं स्थापन झाली. पत-माहितीचा कायदा २००५ सालीं झाला. आणि आज अशा चार संस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानें चालतात. २०१७ पासून प्रत्येक संस्थेकडून वर्षांतून एकदां आपला पूर्ण अहवाल फुकट मागतां येतो. २०२३ च्या ऑक्टोबरांत रिझर्व्ह बँकेनें आज्ञा केली कीं, कोणीं आपला अहवाल पाहिला तर आपल्याला मोबाईलवर किंवा ई-मेलनें तसें कळविलें पाहिजे. आणि चुकीची तक्रार तीस दिवसांत निकालांत निघाली नाहीं, तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई दिली पाहिजे. या गोष्टी चांगल्या आहेत. परंतु अमेरिकेंतल्यासारखा, कायद्यानें दिलेला आणि विनामूल्य असा कुलपाचा हक्क २००५ च्या कायद्यांत नाहीं. दार कोणीं उघडलें हें आपल्याला कळेल. तें बंद ठेवण्याचा अधिकार अजून मागावयाचा आहे. पॅन आणि आधार यांचे क्रमांक आपण ज्या सहजपणें छायाप्रती काढून वाटीत असतों, तें पाहिलें म्हणजे तो अधिकार लवकर मागावा असेंच कोणालाही वाटेल.

या सर्व हकीकतींतून मला एकच गोष्ट विशेष जाणवते. बियर्ड्स्ली हरले, तेव्हां वही पाहण्याचा हक्क नव्हता. तो मिळावयास आणखी शंभर वर्षें लागलीं. पाहण्याचा हक्क मिळाला, तेव्हां बंद करण्याचा नव्हता. तो पाऊणशतकाच्या आंत मिळाला, पण कोट्यवधि लोकांची माहिती बाहेर गेल्यावर मिळाला. प्रत्येक हक्क कोणाच्या तरी नुकसानीची किंमत देऊन आलेला आहे. अशी किंमत देऊन आलेली वस्तु न वापरतां कोनाड्यांत ठेवणें, हें शहाणपणाचें नव्हे. आज रात्रीं जेवणानंतर घरांतील कर्त्या माणसानें आपला पत-अहवाल मागवावा, बायकामुलांसह तो वाचावा, आणि त्यांत अनोळखी कर्ज दिसलें तर दुसऱ्याच दिवशीं लेखी तक्रार करावी. परदेशांत असलेल्या मुलाला पत्र लिहितांना खुशालीबरोबर, 'तिन्ही ठिकाणीं कडी लावलीस ना?' एवढी एक ओळ जास्त लिहावी.